वारबेर्ग : किल्ला, थंड पाणी आणि मोर्सची कट्ट-कट

गोथेनबर्गहून दक्षिणेकडे निघालेली गाडी साधारण पाऊण तासात वारबेर्गला पोचते. स्टेशनाबाहेर पडून चार पावलं टाकली की समुद्राचा वारा लागतो आणि किल्ल्याची काळसर तटबंदी दिसू लागते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, हालंड प्रांतातलं हे गाव तिथल्या लोकांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचं आहे. उन्हाळा आला की समुद्रस्नानाला वारबेर्ग गाठायचं. आपल्याकडचे प्रवासी मात्र स्टॉकहोम बघतात आणि पुढे नॉर्वेच्या वाटेला लागतात.

मी आईला घेऊन तिथे गेले, कारण माझी कॉलेजातली मैत्रीण आणि तिचा नवरा वारबेर्गला राहतात. नोकऱ्या दोघांच्याही गोथेनबर्गला, घर मात्र इथे. रोज सकाळची गाडी धरायची आणि संध्याकाळी समुद्राकडे परतायचं, असं करणारी माणसं या गावात पुष्कळ आहेत. आईनं सत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, जिने नको वाटतात. अशा माणसाला परदेशात न्यायचं म्हणजे काय काय टाळायचं याचीच यादी आधी डोक्यात तयार होते. वारबेर्गला ती यादी विसरता आली. हे गाव दोनेक शतकं बरं व्हायला आलेल्या माणसांवर जगलं आहे आणि त्याची आखणी त्यांच्या पावलांना जुळेल अशीच होत गेली आहे. म्हणून ते वयस्कर माणसाच्या चालीनंच पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

किल्ला सर्वात जुना. तेराव्या शतकाच्या अखेरीस काउंट याकोब नील्सन यानं तो बांधायला घेतला. डेन्मार्कचा राजा एरिक क्लिपिंग याचा १२८६ साली खून झाला, त्यात दोषी ठरवून हद्दपार केलेल्यांपैकी हा एक. हालंड तेव्हा आणि पुढेही कित्येक शतकं डेन्मार्कचा भाग होता, त्यामुळे पुढे हा किल्ला स्वीडनच्या विरोधात उभा राहिला. १५६५ मध्ये स्वीडिश फौजेनं तो घेतला, १५६९ मध्ये डेन्मार्कनं परत मिळवला. त्या पहिल्या पाडावात पोंटस द ला गार्डी नावाचा एक फ्रेंच भाडोत्री सरदार डेन्मार्कच्या बाजूनं लढताना पकडला गेला. त्यानं पक्ष बदलला आणि पुढे तो स्वीडनचा नामांकित सेनापती झाला. राजा चौथा क्रिस्तियान यानं मग हान्स व्हान स्टेनविंकेल या वास्तुविशारदाकडून किल्ला नव्या पद्धतीनं, रुंद बुरुजांचा आणि तोफांना पुरून उरेल असा बांधून घेतला. काम १६१८ साली पुरं झालं. पुढे १६४५ च्या ब्रम्सेब्रूच्या तहात हालंड तीस वर्षांच्या बोलीनं स्वीडनकडे गेलं आणि १६५८ च्या रॉस्किल्डच्या तहानं कायमचं. ज्यांना अडवण्यासाठी एवढे बुरुज चढवले, त्यांना किल्ला कागदावर मिळाला.

नंतर इथे तुरुंग होता. त्या कोठड्यांमध्ये आता प्रवासी उतरतात. अरुंद खोली, जाड भिंत, लहानशी खिडकी. वर जाणारी फरसबंदी वाट चढाची आहे आणि दगड उंचसखल आहेत, तेव्हा गुडघ्यांचं दुखणं असणाऱ्यांनी घाई करू नये. आम्ही थांबत थांबत गेलो आणि थांबल्यामुळेच पायाखालचा खडक नीट पाहिला. मिठाच्या पाण्यानं घासलेला, गडद हिरवट झाक असलेला हा चार्नोकाइट जातीचा दगड. चेन्नईजवळच्या पल्लावरमच्या टेकड्यांत याच जातीचा खडक आहे आणि ज्याच्यावरून या दगडाला नाव मिळालं त्या जॉब चार्नॉकची कोलकात्यातली समाधीशिळाही त्याचीच आहे.

किल्ल्यातल्या संग्रहालयात बरंच काही आहे, पण लोक येतात ते बोकस्टेनच्या माणसासाठी. वारबेर्गच्या पूर्वेला बोकस्टेन नावाच्या शेतवाडीतल्या दलदलीत १९३६ साली हा देह सापडला. चौदाव्या शतकातला हा पुरुष डोक्यावर घाव घालून मारलेला होता आणि देह वर येऊ नये म्हणून मेढी ठोकून खाली रोवलेला होता. दलदलीतल्या पीटच्या आम्लानं आणि प्राणवायूच्या अभावानं त्याचे लांब केस टिकले आणि त्याहून मोलाचं म्हणजे अंगावरचे सगळे कपडे टिकले. लोकरी अंगरखा, वरचा झगा, पायमोजे आणि पाठीवर लांब शेपटीसारखी पट्टी सोडणारी टोपी. मध्ययुगातल्या साध्या पुरुषाचा इतका पुरा पोशाख युरोपात क्वचितच कुठे उरला आहे. राजेरजवाड्यांची वस्त्रं चर्चनं आणि खजिन्यांनी जपली. याचे कपडे चिखलानं जपले. आई त्या टोपीसमोर फार वेळ उभी होती. तिला खून कुणी केला यात रस नव्हता, शिवण कशी घातली आहे ते बघायचं होतं. काचेला नाक लावून तिनं टाके पाहिले आणि म्हणाली, "हे घरच्या बाईनं शिवलंय." ते कुणाला सिद्ध करता येणार नाही, पण मला ते पटलं.

त्याच संग्रहालयात पितळी अर्धगोलांत शिसं भरलेलं एक बटण आहे. स्वीडनचा राजा बारावा कार्ल १७१८ साली नॉर्वेत वेढ्याच्या खंदकात मारला गेला, तो याच बटणाच्या गोळीनं, अशी लोकांची श्रद्धा. अलीकडच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे.

किल्ल्याच्या उत्तर अंगाला, समुद्रात खांबांवर उभं असलेलं लाकडी स्नानगृह ही या गावाची दुसरी खूण. कोपऱ्यांवर कांद्याच्या आकाराचे घुमट, खिडक्यांना अरबी धाटणीच्या कमानी. १८११ साली गावाजवळ औषधी पाण्याचा झरा सापडला आणि वारबेर्गला आजारी श्रीमंतांची ये-जा सुरू झाली. पुढे झऱ्याइतकंच महत्त्व समुद्राच्या थंड पाण्याला आलं. आधीचं स्नानगृह १९०२ च्या नाताळातल्या वादळानं उद्ध्वस्त केलं, आजचं १९०३ चं आहे. कोकणातल्या माणसाला प्रश्न पडेल की भरती-ओहोटीचं काय? कॅटेगाट नावाच्या या समुद्रात भरती-ओहोटी अगदी थोडी. पाण्याची पातळी बदलते ती मुख्यतः वाऱ्यानं आणि हवेच्या दाबानं. म्हणून पाण्यात उतरणारे जिने बांधता आले आणि कधीही उतरलं तरी पाणी पायरीशीच.

आत बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा. मधे मोकळं पाणी, भोवती लाकडी सज्जे, आणि काचेतून क्षितिज दिसेल अशी सॉना. अंगावर कपडे न ठेवता पाण्यात उतरायची इथली रीत आहे. सॉनात बसायचं, अंग तापलं की पायऱ्या उतरून समुद्रात बुडी मारायची, परत यायचं. बारा महिने हे चालतं. जानेवारीत पाणी गोठायच्या बेताला आलेलं असतं, तेव्हाही. माझी मैत्रीण म्हणते की इथल्या अंधाऱ्या हिवाळ्यात तिला धरून ठेवलं ते या पाण्यानं.

आईला न्यावं की नाही, याचा मी आणि मैत्रिणीनं बराच विचार केला. शेवटी मैत्रिणीनं तिलाच विचारलं, "काकू, चालेल का तुम्हाला?" आई वाईची. म्हणाली, कृष्णेच्या घाटावर आम्ही लुगड्यासकट उतरायचो, पण बायका बायकांत लाजायचं कशाला. ती टॉवेल गुंडाळून सज्ज्यावर बसली, पाय पाण्यात सोडून. भोवती तिच्या वयाच्या, तिच्याहून मोठ्या बायका होत्या. शस्त्रक्रियांचे व्रण, ओघळलेली पोटं, वाकलेल्या पाठी. सगळं उन्हात, निवांत. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं आणि कुणी कुणाला टाळतही नव्हतं. एका आजीबाईंनी आईला हात धरून आणखी एक पायरी खाली नेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. म्हातारं शरीर असं दिवसाउजेडी, लपवाछपवीशिवाय आणि कौतुकाशिवाय वावरताना मी आपल्याकडे पाहिलेलं नाही. या गावातलं मला सर्वात आवडलेलं ठिकाण हेच.

किल्ल्याच्या पायथ्यापासून दक्षिणेला समुद्राला लागून पायवाट जाते, ती थेट आपेलविकेन नावाच्या उपसागरापर्यंत. वाट सपाट, ठिकठिकाणी बाकं, कठडे. एका बाजूला खडक आणि पाणी, दुसऱ्या बाजूला गवत. मधे एकही हॉटेल किंवा खासगी कुंपण आडवं येत नाही, यामागे कायदा आहे. स्वीडनमध्ये किनाऱ्यापासून सर्वसाधारणपणे शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि निसर्गात मोकळेपणानं फिरण्याचा हक्क १९९४ पासून राज्यघटनेत नोंदलेला आहे. आपल्या किनाऱ्यांवर भिंती आणि रिसॉर्टं चढत असताना हे पाहिलं की हेवा वाटतो. आपेलविकेनला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाडांचा क्षय झालेल्या मुलांसाठी आरोग्यधाम काढलं होतं. प्रतिजैविकं नव्हती, तेव्हा ऊन, वारा आणि खारी हवा हाच उपचार. आता त्या इमारतींत हॉटेल आहे आणि समोरच्या लाटांवर वाऱ्याच्या शिडांवर स्वार झालेली तरुण मंडळी.

मैत्रिणीच्या घरी जेवण बहुतेक वेळा थंड असायचं : उकडलेली कोळंबी, पाव, लिंबू, आणि डिल, म्हणजे आपला शेपूच. कोळंबी सोलायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. रात्री दहालाही ऊन असायचं आणि तिला झोप लागायची नाही.

ग्रिमेटोनला जायचं मैत्रिणीच्या नवऱ्यानं ठरवलं होतं, आणि त्याला कारण आई. आई डाक-तार खात्यात तारायंत्रावर होती. ऐन उमेदीत तालुक्याच्या तार ऑफिसात मोर्सच्या साउंडरची कट्ट-कट ऐकत तिनं हजारो तारा उतरवून घेतल्या. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, त्याच्या किती तरी आधी ते यंत्र कपाटात गेलं होतं.

ग्रिमेटोन हे जुनं रेडिओ केंद्र. वारबेर्गच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध, एका रांगेत सहा पोलादी मनोरे उभे आहेत, प्रत्येक १२७ मीटर उंच. पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या तारा दुसऱ्यांच्या हातात असल्याचा धडा स्वीडननं घेतला होता आणि अमेरिकेत गेलेल्या लाखो स्वीडिश लोकांशी संपर्क हवा होता. ही जागा निवडली, कारण इथून न्यूयॉर्ककडे जाणारी सरळ रेषा नॉर्वे आणि डेन्मार्क यांच्यामधून बहुतेक पाण्यावरूनच जाते. उप्सालात जन्मलेले आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी केलेलं यंत्र इथे बसवलं. त्यात ना व्हॉल्व्ह, ना ट्रान्झिस्टर. पोलादाची एक भलीमोठी तबकडी, कडेला ४८८ खाचा, मिनिटाला सुमारे २,११५ फेरे. एवढ्या खाचा एवढ्या वेगानं फिरल्या की सेकंदाला १७,२०० आवर्तनांचा प्रवाह तयार होतो आणि तोच मनोऱ्यांवरच्या तारांतून लहर होऊन निघतो. म्हणजे रेडिओलहर इथे अक्षरशः चाक फिरवून काढतात. २ जुलै १९२५ रोजी राजा पाचवा गुस्ताव यानं उद्घाटन केलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना तार पाठवली.

तेव्हाच लघुलहरी पुढे येत होत्या. कमी शक्तीत, छोट्या मनोऱ्यांवर त्या दूर जात. १९२७ साली खडकी आणि दौंडला उभारलेल्या केंद्रांतून इंग्लंडशी संदेशवहन सुरू झालं, ते याच नव्या तंत्रानं. जगभरची अलेक्झांडरसनची यंत्रं एकेक करून भंगारात गेली. ग्रिमेटोनचं वाचलं ते पाणबुड्यांमुळे : इतकी लांब लहर पाण्याखालीही पोचते, म्हणून स्वीडिश नौदलानं ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत वापरलं. या जातीचं चालू स्थितीतलं जगातलं हे एकच यंत्र, आणि २००४ पासून ग्रिमेटोन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

२ जुलैच्या जवळच्या रविवारी यंत्र लोकांसमोर चालवतात. आम्ही त्याच दिवशी गेलो. स्वच्छ संगमरवरी पटल, तांब्याचे पट्टे, तेलाचा वास. चाकाचा आवाज हळूहळू चढत एका सुरावर स्थिर झाला आणि कुणी तरी मोर्सची की दाबायला लागलं. आधी चाचणीची अक्षरं येतात. आईनं पर्समधली पेन्सिल काढली आणि तिकिटाच्या मागे लिहायला सुरुवात केली : व्ही, व्ही, व्ही, मग डी ई, मग एस ए क्यू, म्हणजे या केंद्राचं चिन्ह. मान वर न करता, जरा पुढे झुकून, एका कानानं. पुढचा संदेश आला तसा तीही लिहीत गेली. दोन अक्षरं सुटली तेव्हा तिनं टिंबं टाकली, नियमाप्रमाणे. तिचं हे काम मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. मी शाळेत असताना ती ऑफिसात असायची आणि मी मोठी होईतो ते काम संपलं होतं. शेजारच्या स्वयंसेवकानं तिकीट पाहिलं आणि तिला आतल्या बाजूला, यंत्राजवळच्या कठड्याशी नेऊन उभं केलं. तिनं मला मराठीत सांगून त्याला इंग्रजीत विचारायला लावलं : तुमचा वेग मिनिटाला किती शब्दांचा?

वारबेर्गला जायचं तर जून ते ऑगस्ट हा काळ बरा. हिवाळ्यात दिवस फारच लहान असतो, पण स्नानगृह तेव्हाही उघडं असतं. पक्षी पाहणाऱ्यांनी गावाच्या उत्तरेचं गेटेरन अभयारण्य चुकवू नये. ग्रिमेटोनचं यंत्र उन्हाळ्यातल्या त्या रविवारखेरीज २४ डिसेंबरच्या सकाळीही चालवण्याची प्रथा आहे. तो संदेश १७.२ किलोहर्ट्झवर, लांब तार आणि साधा संगणक वापरून जगभरचे हौशी लोक पकडतात आणि ऐकू आल्याचं केंद्राला कळवतात.