वसंतातील पक्षिप्रस्थान व अखेरच्या नोंदीचा प्रश्न

युरोपीय ग्रंथांत वसंत हा स्थलांतरी पक्ष्यांच्या आगमनाचा ऋतू मानलेला आहे. तेथील निरीक्षक नगरोद्यानात उभा राहून परतणाऱ्या पाखरांची वाट पाहतो. आपल्याकडे हा क्रम बव्हंशी उलटा आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातले किन्हवली व त्याशेजारचा मुरबाडचा मुलूख घेतला, तर फाल्गुन-चैत्र हे येथे हिवाळी पाहुण्यांच्या प्रस्थानाचे महिने होत. म्हणून येथील अभ्यासकापुढचा प्रश्नही निराळा आहे. पक्षी केव्हा आला हे नव्हे, तर तो केव्हा गेला, हे त्यास ठरवावयाचे असते.

अशा निरीक्षणास उद्यानाची आवश्यकता नाही. भातखाचरांचे बांध, ओढ्याचे पात्र आणि गावालगतचे पळस, पांगारे व सावरी एवढे क्षेत्र पुरेसे होते. ही झाडे फुलली म्हणजे मधासाठी भोरड्यांचे थवे त्यांवर उतरतात; पूर्व युरोप व मध्य आशिया हे त्यांचे विणीचे प्रदेश होत. ओढ्याकाठी शेपटी हालवीत फिरणारा करडा धोबी हिमालयात व त्यापलीकडे वीण करतो. निघण्यापूर्वी त्याच्या नराचा गळा काळा होऊ लागतो. प्रस्थान जवळ आल्याची ही डोळ्यांस दिसणारी खूण होय.

हा बदल घडतो कशाने? विल्यम रोवन यांनी १९२० नंतरच्या दशकात कॅनडात पिंजऱ्यातील पक्ष्यांना हिवाळ्यात कृत्रिम प्रकाशाने दीर्घ दिवसाचा अनुभव दिला. तेव्हा त्यांच्या जननग्रंथी अकाली वाढल्याचे आढळून आले. दिनमान हा स्थलांतराच्या सिद्धतेचा एक प्रमुख संकेत आहे, या विचारास त्यामुळे प्रायोगिक आधार मिळाला. किन्हवलीच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर सुमारे ११ तासांचा असलेला दिवस एप्रिलअखेर सुमारे पावणेतेरा तासांचा होतो. प्रत्यक्ष प्रयाणाचा दिवस मात्र शरीरात साठलेली चरबी, अन्नाची उपलब्धता व वारे यांवरही अवलंबून राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, निरीक्षक दर रविवारी फेरी घालतो. ५ एप्रिलला करडा धोबी दिसला. १२ व १९ एप्रिलला दिसला नाही. येथे ‘५ एप्रिलला पक्षी गेला’ असे म्हणता येणार नाही. तो ५ तारखेनंतर, बहुधा १२ तारखेपूर्वी गेला, एवढेच अनुमान निघते. आणि तेही पुढील दोन रिकाम्या फेऱ्यांच्या बळावर. ५ तारखेनंतर फेऱ्याच थांबल्या असत्या, तर ती तारीख पक्ष्याच्या प्रस्थानाची नव्हे, निरीक्षकाच्या प्रस्थानाची ठरली असती.

वैशाख-ज्येष्ठात येणाऱ्या पक्ष्यांविषयी नेमकी उलट चूक संभवते. पावसाच्या तोंडावर नवरंगाची दोन सुरांची शीळ झाडीतून ऐकू येते व चातक दिसू लागतो. त्यांची पहिली नोंद खऱ्या आगमनाच्या दिवशीची किंवा नंतरची असते. अखेरची नोंद खऱ्या प्रस्थानाच्या दिवशीची किंवा आधीची असते. परिणामी कोणत्याही पक्ष्याचा नोंदलेला मुक्काम खऱ्या मुक्कामाहून सहसा तोकडाच भरतो. निरीक्षक वाढले की तो आपोआप लांबलेला दिसतो. फेऱ्यांची संख्या विचारात न घेता दोन दशकांच्या तारखा ताडून पाहिल्या, तर ही वाढ हवामानबदलाचा परिणाम म्हणून खपून जाण्याचा धोका आहे.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालण्याचे कार्य मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पक्षी कोठून येतात व कोठे जातात, यावर त्यामुळे प्रकाश पडला. परंतु एखाद्या गावातून ते केव्हा निघाले, हे तेथील नित्याच्या निरीक्षणानेच कळते. दुर्दैवाने एप्रिल-मे हे आपल्या विद्यापीठांत परीक्षांचे व सुटीचे महिने; नोंदवह्या मिटतात त्या याच वेळी. म्हणून विद्यार्थ्यांनी फेरीचा दिवस, वेळ व मार्ग निश्चित ठेवावा आणि पक्षी दिसेनासा झाल्यावरही निदान तीन आठवडे फेऱ्या चालू ठेवाव्यात. ‘आज दिसला नाही’ ही ओळ वहीत लिहिण्याचा कंटाळा येतो खरा. परंतु अखेरच्या नोंदीस अर्थ येतो तो त्या ओळीनेच.