भट्टी बंद झाल्यावरची उष्णता

देहू-चाकण पट्ट्यापासून तारापूरचे अणुवीज केंद्र दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, तरी अणुवीज म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हिरोशिमाच उभे राहते. अणुभट्टी बॉम्बसारखी फुटूच शकत नाही. बॉम्बला सुमारे 90 टक्के समृद्ध युरेनियम लागते. तारापूरच्या 1969 साली सुरू झालेल्या दोन भट्ट्यांचे इंधन तीन टक्क्यांहूनही कमी समृद्ध, तर नंतरच्या दोन भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलला झाला तो वाफेचा स्फोट. पुढे ग्रॅफाइट पेटले आणि किरणोत्सार अडवायला भट्टीभोवती भक्कम बंदिस्त कवच नव्हते.

खरा धोका वेगळा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. भट्टी बंद केली तरी इंधनातले किरणोत्सारी अवशेष तापतच राहतात. बंद होताक्षणी ही उष्णता मूळच्या सहा-सात टक्के असते. भट्टीची मूळ उष्णता तिच्या विजेपेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून तारापूरच्या 540 मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत ही उरलेली उष्णता शंभर मेगावॉटच्या घरात जाते. फुकुशिमात 11 मार्च 2011 रोजी भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पाणी फिरेना, म्हणून इंधन वितळले. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात 31 मार्च 1993 रोजी टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. कर्मचाऱ्यांनी अंधारात टॉर्च घेऊन वर चढून, भट्टी पुन्हा चालू होऊ नये म्हणून, बोरॉनचे द्रावण हाताने सोडले आणि अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी पाणी पुरवले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. मला सुरक्षिततेची खरी कसोटी इथे दिसते.

चेर्नोबिलचा ढग शेकडो किलोमीटर गेला, मग अंतराचा भरवसा काय, हा आक्षेप रास्त आहे. दूषित दुधातून मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला; वेळीच दूध थांबवले असते तर बरेच टळले असते. फुकुशिमात किरणोत्सारापेक्षा घाईच्या स्थलांतराने जास्त वृद्ध आणि आजारी माणसे गेली. आणि दर युनिट विजेमागे कोळशाच्या धुराने जाणारे बळी अणुविजेच्या शेकडो पट आहेत, हेही मोजलेच पाहिजे. तरीही निव्वळ सरासरीवर मी विसंबणार नाही, कारण पंप, जनरेटर, कवच नीट आहेत का हे तपासणारा स्वतंत्र हवा. 2012 साली कॅगने नेमके यावरच बोट ठेवले होते: तपासणारे नियामक मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, त्याचेच अध्यक्ष केंद्रे चालवणाऱ्या अणुऊर्जा विभागाचे सचिव होते.