पोलिसांची जुनी गाडी घेताय? मग हे वाचाच!

लिलावातून पोलिसांची जुनी जिप्सी किंवा ॲम्बेसेडर घ्यायची आणि ती पुन्हा चकाचक करायची, हा छंद मस्तच! पण बेंगळुरूच्या रस्त्यावर ती उतरवण्याआधी थोडं थांबा. इथे ‘होयसळ’ लिहिलेली पोलिसांची गाडी दिसली की लोकांना धीर येतो. हरवलेलं मूल, घाबरलेली मुलगी तिच्याकडेच धाव घेईल. आत तुम्ही बसलेले असाल तर?

म्हणूनच ‘पोलीस’ ही अक्षरं, बोधचिन्ह आणि टपावरचा दिवा आधी काढा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरही लाल दिवा नसतो, मग आपल्या कशाला? सायरनही खासगी गाडीला चालत नाही. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या. ऑलिव्ह हिरवा मात्र नकोच, तो संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

ट्रॅफिकमध्ये रुबाब दाखवून वाट काढू नका. सिग्नलला सगळ्यांसारखे थांबा. आणि कुणी मदतीसाठी काचेवर टकटक केलीच, तर ‘मी पोलीस नाही’ असं स्पष्ट सांगा, लगेच ११२ ला फोन लावा आणि मदत येईपर्यंत तिथेच थांबा.