विकिपीडियाचे लेख छापून पुस्तक विकता येतं का? येतं, पण आधी हे वाचा



‘घरबसल्या पुस्तकं विका, एक ओळही लिहू नका’ अशा थाटाचे व्हिडिओ सध्या तुम्ही पाहिले असतील. त्यात सांगितलेला मार्ग साधारण असा असतो: विकिपीडियावरून एखाद्या विषयाचे पंधरा-वीस लेख उचला, एकाखाली एक लावा, छानसं कव्हर करा आणि ऑनलाइन विक्रीला ठेवा. मग आपल्या चॅनेलवर प्रश्न येतो, ‘सर, हे कायदेशीर आहे का? आणि यात खरंच पैसा आहे का?’ व्हिडिओत वेळेअभावी मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं. इथे नीट, सविस्तर बघूया. कारण यात काही जणांचे डीटीपीचे आणि छपाईचे पैसे अडकतात, आणि काही जण तर नकळत कायद्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभे राहतात.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, कायदेशीर आहे. विकिपीडियावरचा मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए’ नावाच्या परवान्याखाली असतो. जून २०२३ पासून या परवान्याची ४.० ही आवृत्ती लागू आहे. हा परवाना व्यापारी वापराला स्पष्ट परवानगी देतो. म्हणजे तुम्ही तो मजकूर छापू शकता, बदलू शकता, भाषांतर करू शकता आणि विकूही शकता. कुणाला पैसे द्यायचे नाहीत, कुणाला पत्र लिहून विचारायचं नाही.

आता इथेच बहुतेक व्हिडिओ संपतात. आपलं काम मात्र इथून सुरू होतं.

फुकट आहे, पण बिनशर्त नाही

परवान्याच्या अटी कुठल्या? पहिली, श्रेय द्यायचं. छापील पुस्तकात प्रत्येक लेखाचं नाव, त्याच्या पानाचा पत्ता आणि ‘हा मजकूर विकिपीडियाच्या लेखकांचा आहे’ हे लिहायचं. दुसरी, परवान्याचं नाव आणि त्याचा पत्ता द्यायचा. तिसरी, तुम्ही काही बदल केले असतील तर ‘बदल केले आहेत’ हे सांगायचं. या तिन्ही सोप्या आहेत. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं जातात, एवढंच.

चौथी अट धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कुणी सांगत नाही. तिला ‘शेअर-अलाइक’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर, जसं घेतलं तसंच पुढे द्यायचं. विकिपीडियाच्या मजकुरात तुम्ही भर घातली, तो सुधारला, त्याचं मराठी भाषांतर केलं, तर तुमचा हा नवा मजकूरही त्याच परवान्याखाली जातो. म्हणजे काय झालं बघा. तुम्ही चार महिने खपून तीस इंग्रजी लेखांचं सुंदर मराठी केलं. पुस्तक बाजारात आलं. शेजारच्या गल्लीतल्या माणसाने एक प्रत विकत घेतली, तो मजकूर टाइप करून घेतला, तुमचं श्रेय दिलं आणि निम्म्या किमतीत स्वतःचं पुस्तक काढलं. तुम्ही त्याला काहीही करू शकत नाही! त्याने कायदा मोडलेलाच नाही. ‘सर्व हक्क राखीव’ असं त्या मजकुरावर तुम्हाला छापताही येत नाही.

यावर एक वाट आहे, ती लक्षात ठेवा. पुस्तकात विकिपीडियाचे लेख एका भागात आणि तुमचं स्वतंत्र लेखन (प्रस्तावना, मुलाखती, तुम्ही काढलेले नकाशे, तुम्ही गोळा केलेली माहिती) वेगळ्या प्रकरणांत ठेवलं, तर तुमच्या प्रकरणांवर तुमचाच हक्क राहतो. नुसतं शेजारी शेजारी ठेवल्याने परवाना एका मजकुरातून दुसऱ्यात जात नाही, मिसळल्याने जातो. दूध आणि पाणी दोन भांड्यांत ठेवा, एवढंच. कुठलं भांडं कुठलं, हे मात्र पुस्तकात लिहून ठेवा.

ई-बुक करणाऱ्यांसाठी आणखी एक. हा परवाना कॉपी रोखणारं तांत्रिक कुलूप लावायला मनाई करतो. त्यामुळे ई-बुक चढवताना ‘डीआरएम’चा पर्याय विचारला, तर तो लावायचा नाही.

आणि फोटो? फोटोंचा हिशोब पूर्ण वेगळा. लेखातल्या प्रत्येक चित्राचा परवाना त्याच्या त्याच्या पानावर लिहिलेला असतो. इंग्रजी विकिपीडियावर सिनेमाची पोस्टरं, कंपन्यांचे लोगो असं बरंच काही ‘फेअर यूज’ म्हणजे मर्यादित वापरापुरतं ठेवलेलं असतं. ते उचलून पुस्तकात छापलंत की अडकलात. विकिपीडिया हे नाव आणि तो कोड्याच्या तुकड्यांचा गोळा हे विकिमीडिया फाउंडेशनचे ट्रेडमार्क आहेत. तो गोळा कव्हरवर मिरवायचा नाही.

अटी मोडल्या तर परवाना आपोआप रद्द होतो, आणि मग तुमचं पुस्तक म्हणजे साधी चोरी ठरते. ४.० आवृत्तीत एक सवलत आहे: चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना परत मिळतो. नाही केली तर आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा आहेच. त्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. घाबरवायला सांगत नाहीये, पण माहीत असावं.

जर्मनीतल्या कंपनीने हे आधीच करून पाहिलंय

ही आयडिया नवीन आहे असं वाटत असेल तर तसं नाही. २००९ च्या सुमारास जर्मनीतल्या ‘व्हीडीएम’ या प्रकाशन संस्थेने ‘अल्फास्क्रिप्ट’ आणि ‘बीटास्क्रिप्ट’ या नावांखाली विकिपीडियाच्या लेखांची पुस्तकं काढायला सुरुवात केली. किती पुस्तकं? हजारोंच्या हजारो. ‘अल्फास्क्रिप्ट’च्या बहुतेक पुस्तकांवर संपादक म्हणून तीच तीन नावं: मिलर, व्हँडोम आणि मॅकब्रूस्टर. ही तीन मंडळी क्रिकेटपासून रसायनशास्त्रापर्यंत सगळ्याची संपादक! अमेरिकेतल्या ‘बुक्स एलएलसी’ने हेच वेगळ्या पद्धतीने केलं: विकिपीडियावर एका वर्गात जेवढे लेख असतील तेवढे गोळा करायचे आणि त्याचं पुस्तक.

हे त्यांना परवडलं कसं? ‘प्रिंट ऑन डिमांड’मुळे. ऑर्डर आली तरच एक प्रत छापायची. गोदाम नाही, साठा नाही, भांडवल अडकत नाही. लाख नावं यादीत टाकली आणि प्रत्येकाची वर्षाला एखादी प्रत गेली तरी पैसे येतात. शंभरेक पानांच्या पुस्तकाला चाळीस-पन्नास डॉलरसुद्धा लावलेले असायचे.

कव्हरवर ते विकिपीडियाचा उल्लेख करत होते. म्हणजे परवान्याच्या बाजूने त्यांनी ते लपवलं नव्हतं. पण ऑनलाइन दुकानात माणूस कव्हरवरची बारीक अक्षरं वाचत नाही. तो विषय वाचतो, किंमत बघतो, ऑर्डर देतो. पुस्तक घरी आल्यावर कळतं की हे तर फुकट वाचता येत होतं. मग तो परीक्षणात काय लिहिणार? त्या पुस्तकांखाली चिडलेल्या ग्राहकांचे अभिप्राय पडले, ग्रंथपालांनी आणि विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनी सावध राहायला सांगितलं. परदेशी कंपनीला हे सोसतं, कारण तिला तोच ग्राहक परत नको असतो. तुम्हाला सोसेल का? तुमचा ग्राहक तुमच्या तालुक्यातला, तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधला. दुसरं पुस्तक त्यालाच विकायचं आहे ना?

उलट उदाहरणंही तिकडचीच आहेत. २००८ मध्ये बर्टल्समान या मोठ्या जर्मन प्रकाशकाने जर्मन विकिपीडियावरून एका खंडाचा कोश काढला. सुमारे ५० हजार छोट्या नोंदी, किंमत १९.९५ युरो. लोक सगळ्यात जास्त काय शोधतात ते बघून नोंदी निवडल्या, आपले संपादक बसवून त्या आखूड केल्या, तपासल्या, आणि प्रत्येक प्रतीमागे एक युरो विकिमीडियाच्या जर्मन शाखेला देऊ केला. नाव काय ठेवलं? सरळ ‘विकिपीडिया कोश’, रीतसर परवानगी घेऊन. लपवाछपवी नाहीच.

जर्मनीतल्याच माइन्ट्स शहरातली ‘पीडियाप्रेस’ आणखी वेगळी. तिने २००७ च्या अखेरीस विकिमीडिया फाउंडेशनशी करार केला. ग्राहकच लेख निवडणार, क्रम लावणार, पुस्तकाला नाव देणार. कंपनी फक्त मांडणी करून, छापून घरी पाठवणार. शेवटी लेखकांची आणि परवान्यांची यादी. इथे कुणी फसतच नाही, कारण काय विकत घेतोय हे ग्राहकाला पहिल्यापासून माहीत आहे. तो माहितीला पैसे देत नाही, छपाईला आणि बांधणीला देतो. माझ्या मते या सगळ्यांत शिकण्यासारखा धंदा हाच.

(जाता जाता: २०१५ मध्ये मायकल मँडिबर्ग या अमेरिकन कलावंताने पूर्ण इंग्रजी विकिपीडिया छापण्याजोगी करून दाखवली. प्रत्येकी ७०० पानांचे ७,४७३ खंड झाले. लिहिणाऱ्यांच्या नावांचेच ३६ खंड! श्रेय देणं किती मोठं असू शकतं ते बघा.)

श्रेय न देता काय होतं, तेही सांगतो. २००९ मध्ये ‘वायर्ड’ मासिकाचे तेव्हाचे संपादक ख्रिस अँडरसन यांचं ‘फ्री’ नावाचं पुस्तक आलं. फुकट वस्तूंच्या अर्थकारणावर. त्यात विकिपीडियातले उतारे उल्लेखाशिवाय सापडले. त्यांनी चूक मान्य केली, पण पुस्तकाबरोबर ती बातमी कायमची चिकटली.

आता आपला हिशोब

समजा, १२८ पानांचं पुस्तक. म्हणजे आठ फर्मे. आकडे मी समजण्यापुरते घेतोय, तुमच्या छापखान्याचं कोटेशन तुम्ही घ्या. एका प्रतीची छपाई-बांधणी ७५ रुपये. छापील किंमत २००. दुकानदाराचं कमिशन ४० टक्के, म्हणजे ८० रुपये. तुमच्या हातात १२०, त्यातून छपाई गेली, उरले ४५. कव्हर आणि डीटीपीला ६ हजार घातले असतील, तर ते वसूल व्हायलाच १३४ प्रती विकाव्या लागतात. तुमचा वेळ, कुरियर, परत आलेल्या प्रती यात धरलेल्याच नाहीत.

आणि या १३४ जणांनी तुमचं पुस्तक का घ्यायचं, जेव्हा तोच मजकूर मोबाइलवर फुकट आहे? खरा प्रश्न हा आहे.

उत्तर असू शकतं. उदाहरणार्थ किल्ल्यांचं पुस्तक घ्या. विकिपीडियावरचा इतिहास कुणालाही मिळतो. पण पायथ्याच्या गावाला एसटी किती वाजता येते, पाण्याचं टाकं उन्हाळ्यात आटतं का, जेवण कुठे मिळतं, मोठी माणसं कुठपर्यंत चढू शकतात, हे तिथे जाऊन आलेल्यालाच माहीत. ती तुमची प्रकरणं. गडावर रेंज नसते, म्हणून खिशात मावणाऱ्या छापील पुस्तकाला तिथे अर्थ आहे. आता ग्राहक विकिपीडियाला नाही, तुमच्या पायपिटीला पैसे देतोय.

तपासणी मात्र चुकवू नका. विकिपीडिया कुणीही बदलू शकतं, त्यामुळे तुम्ही मजकूर घेतला त्या दिवशी कुणी खोडसाळपणा केलेला असू शकतो. प्रत्येक तारीख, प्रत्येक आकडा दुसरीकडे पडताळा. ज्या दिवशी मजकूर घेतला त्या आवृत्तीचा कायमचा दुवा जपून ठेवा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं काढणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी. चुकीच्या सनावळीवर एखाद्या मुलाचा मार्क जातो, आणि त्याला कारण विकिपीडिया नाही, तुमचं पुस्तक असतं.

ऑनलाइन दुकानांचे नियमही वाचा. अॅमेझॉनच्या केडीपीवर इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या मजकुराबद्दल वेगळी अट आहे, आणि ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये तर ई-बुकचा मजकूर दुसरीकडे कुठेच उपलब्ध नसावा लागतो. विकिपीडियाचा मजकूर तिथे बसणारच नाही. परवाना परवानगी देतो म्हणून दुकानदाराने माल ठेवलाच पाहिजे असं नसतं.

एक गल्लत बरेच जण करतात. फुकट वाचता येणं वेगळं आणि मुक्त परवाना असणं वेगळं. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो, म्हणून तो छापून विकता येतो असं गृहीत धरू नका. वर्तमानपत्रांच्या साइटचंही तेच. याउलट, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की आपल्याकडे त्याचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही काढू शकतं, आणि तिथे ‘शेअर-अलाइक’सारखी अटही नाही. फक्त दुसऱ्या प्रकाशकाच्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना, टिपा आणि चित्रं उचलायची नाहीत, ती त्यांची.

शेवटचं, कागदपत्रांचं. आयएसबीएन नंबर भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते, त्यातलं एक मुंबईत आहे. छापखान्याला प्रतींचा आकडा सांगताना या चार प्रती धरून सांगा.