टेबलावर उभं राहतं रामगढ

डोळे मिटा आणि ‘शोले’मधलं रामगढ आठवा. उंचावरची ठाकूरची हवेली, वीरू चढून बसतो ती पाण्याची टाकी, शंकराचं मंदिर, इमामसाहेबांची मशीद, शेवटचा तो लाकडी पूल. सगळं लख्ख दिसतं ना? आता एक कागद घ्या आणि रामगढचा नकाशा काढा. हवेलीपासून मशीद कोणत्या हाताला? टाकी गावाच्या मध्ये की वेशीजवळ? पूल ओलांडून नक्की कुठे जातात?

पेन थांबतं. घरातल्या चार जणांनी नकाशा काढला, तर चार वेगवेगळी रामगढं तयार होतील. आणि इथूनच या लेखातल्या खेळाची सुरुवात होते.

सिनेमातलं गाव टेबलावर छोट्या आकारात उभं करायचं, त्यात बोटाएवढी माणसं ठेवायची आणि फाशांच्या मदतीने लुटुपुटुची लढाई खेळायची, असा एक छंद जगभर आहे. त्याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. नाव परकं आहे, पण दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या आपल्या घरांना हे काम नवं नाही. फरक इतकाच, की किल्ला करून झाल्यावर आपण तो बघत बसतो आणि ही मंडळी त्यानंतर खेळायला सुरुवात करतात.

वेल्ससाहेबांचे शिसाचे सैनिक

‘द टाइम मशीन’ लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं एक छोटं पुस्तक काढलं. शिसाचे खेळण्यातले सैनिक, स्प्रिंगवर चालणारी छोटी तोफ आणि घरातली जमीन, एवढ्यावर लढाई कशी खेळायची याचे नियम त्यात होते. पुस्तकाच्या शेवटी वेल्स जे सांगतात ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: असा खेळ दोनचार वेळा खेळून पाहा, म्हणजे खरं युद्ध ही किती गोंधळाची आणि महागात पडणारी गोष्ट असते ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आज या छंदात लोक काउबॉय सिनेमांमधली गावंही उभारतात. अशा खेळाला सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे 1960 च्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ची. दरोडेखोर दरवर्षी गाव लुटतात, वैतागलेले शेतकरी सात बंदूकबाज भाड्याने आणतात. ही गोष्ट मुळात अकिरा कुरोसावा यांच्या 1954 च्या ‘सेव्हन सामुराई’ची. तीच गोष्ट आपल्या मातीत आली आणि सातांचे दोन झाले: जय आणि वीरू.

रामगढ बांधणारा माणूस

‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झाला. चित्रीकरण झालं ते बंगळुरूपासून साधारण 50 किलोमीटरवरच्या रामनगर भागात. तिथल्या खडकाळ माळावर कला दिग्दर्शक राम येडेकर यांनी अख्खं गाव उभं केलं. सेटपर्यंत सामान नेता यावं म्हणून हमरस्त्यापासून वेगळा रस्ता करावा लागला. आज तो सेट तिथे नाही. म्हणजे रामगढ खरं कधीच नव्हतं आणि खोटं होतं तेही गेलं. तरी पन्नास वर्षांनंतर ते आपल्याला पाठ आहे.

मध्य प्रदेशातल्या वाचकांसाठी तर हे गाव आणखी जवळचं. राधेची भूमिका करणाऱ्या जया भादुरींचा जन्म जबलपूरचा. त्यांचे वडील, पत्रकार तरुण कुमार भादुरी, यांनी चंबळच्या डाकूंवर पुस्तक लिहिलं होतं. सलीम-जावेद जोडीतले सलीम खान इंदूरचे. टेबलावरच्या खेळांशीही जबलपूरचं नातं जुनं आहे. स्नूकरचा जन्म 1875 मध्ये इथल्याच ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला, असं मानलं जातं.

माप आधी, कात्री नंतर

दिवाळीच्या किल्ल्यात महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि तोफेपेक्षा ससा मोठा असतो. त्यात मजा आहेच. पण खेळायचं असेल तर सगळं एकाच मापात हवं, कारण भिंतीमागे माणूस लपतो की नाही यावर डाव फिरतो.

सगळ्यात सोपं प्रमाण म्हणजे साठास एक. साडेपाच फुटांचा माणूस यात 2.8 सेंटिमीटरचा होतो. जगभर अशा खेळांत 28 मिलिमीटरच्या आकृत्या खूप वापरतात, त्याच्याशीही हे जुळतं. मग दरवाजा साडेतीन सेंटिमीटर, घराची भिंत 4 सेंटिमीटर, बारा बाय पंधरा फुटांची खोली साधारण 6 बाय साडेसात सेंटिमीटर आणि 30 फुटी पाण्याची टाकी 15 सेंटिमीटर.

आता अडचण पाहा. तीन फुटांच्या टेबलावर या प्रमाणात फक्त 180 फूट जागा मावते. अख्खं रामगढ त्यात बसणार नाही. म्हणून निवड करावी लागते: हवेली, मंदिर, मशीद, टाकी, मौसीचं घर, धान्याचं कोठार, आणखी चारपाच साधी घरं आणि एका कडेला पूल. दोन इमारतींमध्ये निदान चार बोटं जागा सोडा, नाहीतर घोडा वळणार नाही.

साहित्य घरातच सापडेल. भिंतींना ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांचा पुठ्ठा. त्यावर फेव्हिकॉलमध्ये कालवलेली चाळलेली माती फासली, की मातीची भिंत तयार. छपराला जुन्या केरसुणीच्या काड्या किंवा नारळाची काथ्या. पुलाला आईस्क्रीमच्या काड्या. टाकीचे पाय अगरबत्तीच्या काड्यांचे. माणसं जाड कागदावर काढून, रंगवून, नाण्याएवढ्या पुठ्ठ्याच्या चकतीवर उभी करा. घोडेही तसेच. कटर मोठ्यांच्या हातात राहू द्या. लहानांना माती फासायचं काम द्या, ते त्यांच्याइतकं मनापासून कोणी करत नाही.

गब्बरच्या अड्ड्याचे खडक मात्र खरे घ्या. जबलपूरकरांनी मदन महालच्या टेकडीवरचे ग्रॅनाइटचे गोलसर, एकमेकांवर तोललेले खडक पाहिले असतील. रामनगरचे खडकही त्याच जातीचे. टेबलावरचे खडक कसे रचायचे हे त्या टेकडीकडे बघून कळतं: खाली मोठा, वर लहान, मध्ये फट. अंगणातले पाचसहा गोटे त्याला पुरेत.

एक गंमतही लक्षात ठेवा. रामगढमध्ये वीज नाही. राधा रोज संध्याकाळी दिवे लावते आणि मालवते. तेव्हा गावात विजेचे खांब लावू नका. ‘मग टाकीत पाणी कसं चढायचं?’ हा प्रश्न घरातला कोणीतरी विचारणारच. पन्नास वर्षं लोक तो विचारत आहेत.

गाव जिंकलं म्हणजे काय?

गाव उभं राहिलं. आता खेळ. होळीच्या दिवशीचा हल्ला यासाठी उत्तम. एक खेळाडू गब्बर, दुसरा गाव. गब्बरकडे आठ घोडेस्वार. गावाकडे जय, वीरू, ठाकूर, बसंती, इमामसाहेब आणि बारा गावकरी. शिवाय कोठाराबाहेर धान्याची सहा पोती. आधी कोण खेळणार ते नाणं उडवून ठरवा. नाणं जयचं नाही ना, एवढं तपासून घ्या!

पायी माणूस एका खेळीत 6 इंच चालतो, घोडा 12 इंच. बंदूक 12 इंचांपर्यंत लागते. समोरचा उघड्यावर असेल तर फाशावर 4, 5 किंवा 6 पडल्यास नेम लागला, भिंतीआड असेल तर फक्त 6. बसंतीचा टांगा घोड्याच्या वेगाने जातो आणि चार जणांना उचलून घरापर्यंत पोहोचवतो. ठाकूर बंदूक चालवू शकत नाही. निःशस्त्र गावकऱ्याने लाठी उचलायला फाशावर 5 किंवा 6 लागतात, पण ठाकूर 6 इंचांच्या आत असेल तर 4 सुद्धा चालतो. लाठीवाला शेजारी आलेल्या डाकूवर फासा टाकतो, 5 किंवा 6 पडले तर डाकू घोड्यावरून खाली. डाव आठ खेळ्यांचा.

इथवर कुठल्याही लढाईच्या खेळासारखंच आहे. आता खरा नियम. गावाच्या वहीत एक आकडा लिहा: धीर, 10. गावकरी पडला की धीर 2 ने कमी. पोतं गेलं की 1 ने कमी. घोडेस्वार पडला की 1 ने वाढतो. धीर शून्यावर आला, तर गाव हरलं, मग जय-वीरू दोघेही धडधाकट उभे असले तरी.

हा नियम सिनेमातूनच आला आहे. अहमद मारला जातो तेव्हा गावकरी ठाकूरला सांगतात, की आता हे ओझं आम्हाला पेलत नाही, या दोघांना गब्बरच्या हवाली करा. त्या क्षणी जयची बंदूक काही कामाची नसते. गाव वाचतं ते ज्याचा मुलगा गेला त्या इमामसाहेबांच्या बोलण्याने. म्हणून खेळात इमामसाहेबांना एकदाच, गाव सांगेल तेव्हा, धीर 3 ने वाढवता येतो. सगळ्या टेबलावरची सगळ्यात ताकदवान सोंगटी ही आहे आणि तिच्या हातात हत्यार नाही.

गब्बरसाठीही एक नियम. माणसं मारल्याचे गुण नाहीत. टेबलाबाहेर नेलेल्या प्रत्येक पोत्याचे 2 गुण. आठ खेळ्या संपल्या, की गावाला वाचलेल्या प्रत्येक माणसाचा 1 आणि पोत्याचा 1. गब्बरला 8 गुण मिळाले तर तो जिंकला, गावाला 14 मिळाले तर गाव. दोघांनाही मिळाले नाहीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा होळी आहेच.

खेळून पाहा. सुरुवातीला प्रत्येक मूल जय-वीरूला पुढे काढून डाकू टिपायला धावतं. दोनतीन डावांनंतर तेच मूल बसंतीचा टांगा आधी हलवतं, माणसं घरात पोहोचवतं, मग बंदुकीकडे वळतं. घर, कोपरा, बोळ यांचा अर्थ बदलतो. ज्या घराचा दार उघडण्यापलीकडे विचार केला नव्हता, तिथे कोण राहतं, म्हातारं माणूस आहे का, ते पळू शकेल का, हे प्रश्न येतात. गाव म्हणजे लढाईचा देखावा नसतो, लढाई ज्याच्यासाठी चालली आहे ती गोष्ट असते. टेबल हे न बोलता शिकवतं.

बुडालेल्या गावांचा नकाशा

हाच छंद घेऊन जरा पुढे जाऊ या. बरगीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नर्मदेवरचं बरगी धरण 1990 मध्ये पूर्ण झालं. राणी अवंतीबाई सागर या जलाशयामुळे जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतली 162 गावं बाधित झाली, काही पूर्ण बुडाली, काहींची जमीन गेली. आज आपण ज्या पाण्याचे फोटो काढतो, त्याखाली कुणाची तरी विहीर आहे, चावडी आहे, शाळेची वाट आहे.

कधीच नसलेलं रामगढ कोट्यवधी लोकांना आठवतं, कारण त्याचा सिनेमा झाला. या गावांचा सिनेमा झाला नाही. ती आठवतात फक्त तिथे राहिलेल्यांना, आणि 1990 मध्ये जो तिशीत होता तो आज पासष्टीच्या घरात आहे.

रामगढ करताना तुम्ही जे शिकलात, ते इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं. धरणात गेलेलं गाव असो, की नोकरीसाठी मागे सोडलेलं विदर्भातलं, कोकणातलं गाव असो. आजीआजोबांसमोर एक मोठा पुठ्ठा ठेवा. ‘तुमच्या गावाबद्दल सांगा’ असं विचारू नका, त्यावर ‘काय सांगायचं, साधंच होतं’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी माचिसच्या रिकाम्या पेट्या हातात द्या आणि विचारा: तुमचं घर कुठे ठेवू? दार कोणत्या दिशेला? विहिरीवर जायला किती वेळ लागायचा? वाटेत कुणाकुणाची घरं? बाजाराचा रस्ता कुठून फुटायचा? पुरात पाणी कुठपर्यंत यायचं?

पेटी सरकवता सरकवता माणसं बोलू लागतात. ‘नाही नाही, हे घर अलीकडे घे, मध्ये चिंच होती,’ असं कोणीतरी म्हणतं आणि तिथे चिंच लागते. दोघं वाद घालतील, तर घालू द्या. दोन्ही जागांवर खूण करा. आधी फोटो काढा, मग पेट्या चिकटवा. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक घराखाली बारीक अक्षरात घरमालकाचं नाव लिहा. या गावात लढाई खेळायची गरज नाही. नातवंडं त्यातून टांगा फिरवतील, तेवढं पुरे.

दिवाळीला अजून वेळ असेल, तर या सुट्टीत रामगढपासूनच सुरुवात करा. घरातल्या प्रत्येकाला एकेक कागद द्या आणि नकाशा काढायला सांगा, एकमेकांचं न बघता. मग ठरवा मशीद कोणत्या हाताला ठेवायची. वाद मिटलाच नाही, तर ‘शोले’ पुन्हा बघायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.