गिझरच्या टाकीतील क्षार
बोदवड परिसरातील बोअरच्या पाण्यात काळ्या पाषाणातून आलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असल्याने ते दुष्फेन, म्हणजे साबणाला सहजी फेस न येऊ देणारे असते. असे पाणी गिझरमध्ये तापले की त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे पूट कॉइलवर चढते, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि अखेर कॉइलच जळते. टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः गंजणारा मॅग्नेशियमचा दांडा, म्हणजे ॲनोड, झिजल्यावर टाकीही गळू लागते, पण तो बदलण्याची आठवण सहसा कोणालाच नसते. नळाला करंट जाणवल्यास किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह अखंड ठिबकत राहिल्यास एमसीबी पाडून जाणत्या कारागिराला बोलवावे. व्हॉल्व्हला बूच मारण्याचा घरगुती उपाय मात्र जिवावर बेतू शकतो, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान-नियंत्रक, निकामी झाल्यास वाढत्या दाबाला तेवढीच वाट उरते.