मोजमाप बांधावर वाचावें कीं मुख्य ठाण्यांत?

विश्रामबागेंतून सांगलीस जाऊन आयर्विन पुलापाशीं उभें राहिलें म्हणजे कृष्णेच्या पाण्याची उंची सांगणारे आंकडे दिसतात. 40 फूट म्हणजे इशारा व 45 फूट म्हणजे धोका, हें येथील लहान मुलासही ठाऊक असतें. हें माप जागच्या जागीं वाचतां येतें. परंतु पुलावरील आंकडा आलेलें पाणी सांगतो; येणारें पाणी सांगत नाहीं. तें कोयना व वारणा खोऱ्यांतील पावसावर आणि धरणांतून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतें, व तेथील मापें एकत्र करणारें मुख्य ठाणें नसेल तर सांगलीकरांस त्याचा सुगावा लागणार नाहीं. सन 2019 च्या ऑगस्टमध्यें पाणी 57 फुटांवर गेलें, तेव्हां या दोन्हीं प्रकारच्या बातमीची किंमत सर्वांस कळून आली.

हाच प्रश्न आतां आपल्या द्राक्षबागांत येऊन ठेपला आहे. उष्णता, हवेंतील दमटपणा, पाऊस व पानाचा ओलेपणा मोजणारीं बिनतारी यंत्रें तासगांव व मिरज भागांतील कित्येक बागांत बसलीं आहेत. त्यांनीं घेतलेलें माप प्रथम कोणास सांगावें, बागवानास कीं दूरच्या ठाण्यास, याचा विचार यंत्र विकत घेण्यापूर्वींच केला पाहिजे.

बहुतेक यंत्रें प्रत्येक माप मुख्य ठाण्याकडे धाडतात. दर दहा मिनिटांनीं एक माप धरिलें तरी दिवसास 144 मापें होतात. अशा यंत्रांत मोजण्यापेक्षां बिनतारी संदेश पाठविण्यासच वीज पुष्कळ अधिक लागते. त्यामुळें बॅटरी लौकर उतरते. शिवाय ऐन पावसांत मोबाइलची रेंज गेली तर ठाण्याकडे कांहींच पोंहोचत नाहीं. फळछाटणीनंतर पान कांहीं तास सतत ओलें राहिलें कीं केवडा, ज्यास बागाइतदार डाऊनी म्हणतात, तो रोग बळावतो. त्या वेळीं इशारा ठाण्यावरून फिरून उद्यां आला तर फवारणीची वेळ टळते. सन 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील अवकाळी पावसानें या जिल्ह्यांतील द्राक्षांची जी हानि झाली, ती आमच्या वाचकांस आठवत असेलच.

याच्या उलट, यंत्रानेंच हिशेब करून ठरावीक मर्यादा ओलांडतांच बागेंत दिवा लावावा अथवा मालकास संदेश द्यावा, अशीही रीत आहे. हींत वीज वांचते व वेळही साधते. पण हिच्यांतही दोष आहे. यंत्र गप्प आहे तें पान कोरडें आहे म्हणून, कीं तें बिघडलें म्हणून, हें कळत नाहीं. यास्तव त्यानें दिवसांतून दोन वेळां तरी आपली खुशाली कळवावी. तसेंच एकट्या यंत्राची चूक एकट्यास दिसत नाहीं. शेजारच्या चार यंत्रांशीं ताडून पाहणारें ठाणेंच ती ओळखूं शकतें.

विम्याच्या बाबतींत तर या प्रश्नाचा संबंध थेट पैशाशीं येतो. महाराष्ट्र सरकारनें 2017 सालीं 'महावेध' प्रकल्पाखालीं महसूल मंडळानिहाय स्वयंचलित हवामान केंद्रें उभारण्यास आरंभ केला. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत भरपाई मिळते ती नेमून दिलेल्या केंद्राच्या मापावरून. आपल्या बागेंतील मापावरून नव्हे. एका मंडळांत अनेक गांवें असतात, आणि वळवाचा पाऊस एका शिवारांत कोसळून शेजारचें कोरडें ठेवतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मापें मुख्य ठाण्यांत सुरक्षित असलीं, पण गांवांत कोणासच वाचतां आलीं नाहींत, तर तक्रार करावी कशाच्या आधारावर?

म्हणून आमचें मत असें आहे कीं, इशारा बांधावर मिळावा व नोंद ठाण्यांत राहावी; एकासाठीं दुसरें सोडूं नये. ज्यांस यंत्र घ्यावयाचें असेल त्यांनीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या : रेंज नसतां इशारा मिळतो काय, मूळ मापें साठवून तीं मागाहून पाठविलीं जातात काय, आणि तीं मापें मालकास केव्हांही पाहावयास मिळतात काय. यांपैकीं एकाचेंही उत्तर नकारार्थी असल्यास घाई करूं नये.

यासोबत प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक साधें पर्जन्यमापक ठेवावें. तें झाड अथवा भिंत यांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बसवावें, व रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाऊस मोजून तारखेसह वहींत मांडावा. या वहीवरून विम्याची भरपाई मिळेलच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ठाण्याचा आंकडा व गांवचा आंकडा यांत वारंवार फरक पडूं लागला तर तो पुराव्यानिशीं दाखवितां येईल, आणि केंद्राची जागा बदलण्याची अथवा यंत्र तपासण्याची मागणी तोंडी न राहतां लेखी करतां येईल. पाऊस आपल्या शेतांत पडतो. त्याचा आंकडाही प्रथम आपणांसच ठाऊक असावा.